द्राक्षगर्भ आणि कोरिओकार्सिनोमा : दुर्मिळ, पण बरा होणारा कॅन्सर



मंडळाच्या आरोग्य शिबिरात स्त्रियांच्या कॅन्सरचा विषय निघाला की बोलणे बहुधा स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपुरतेच होते. ते योग्यही आहे, कारण तेच जास्त आढळतात. पण स्त्रीच्या जननमार्गाचे काही कॅन्सर इतके विरळ आहेत की त्यांची नावेही आपल्या कानांवर पडत नाहीत. योनिमार्गाचा कॅन्सर, बीजवाहिनीचा कॅन्सर, गर्भाशयाच्या स्नायूंचा सार्कोमा ही त्यांतली काही नावे. या लेखात त्यांपैकी एकाच गटाची माहिती देत आहे : द्राक्षगर्भ आणि त्यातून होऊ शकणारा कोरिओकार्सिनोमा.

हाच विषय निवडण्याचे कारण असे की हा आजार गरोदरपणाशी निगडित आहे, म्हणजे तो तरुण वयात होतो. नोकरीनिमित्त इथे आलेली आपली बरीचशी कुटुंबे याच वयातली आहेत. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे. वेळेवर ओळखला आणि तपासण्या शेवटपर्यंत केल्या तर हा कॅन्सर जवळजवळ नेहमी बरा होतो, आणि बहुतेक वेळा पुढे मूलही होऊ शकते. धोका असतो तो तपासण्या मध्येच सुटण्याचा. गाव, नोकरी, इन्शुरन्स आणि देश बदलत राहणाऱ्या आपल्यासारख्या लोकांच्या बाबतीत त्या सुटण्याची शक्यता अधिक.

एक खुलासा. मी डॉक्टर नाही, व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. हा लेख माहितीसाठी आहे, उपचारांसाठी नाही. निर्णय आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

द्राक्षगर्भ म्हणजे काय?

दिवस गेल्यावर गर्भाबरोबर वारही वाढू लागते. वारेच्या पेशी गर्भाशयाच्या आवरणात शिरून बाळासाठी रक्तपुरवठा मिळवतात. कधी कधी फलनाच्या वेळीच गुणसूत्रांची गडबड होते. मग बाळ नीट तयार होत नाही आणि वारेच्या पेशीच बेसुमार वाढतात. त्यांना पाण्याचे फुगे येतात आणि ते द्राक्षांच्या घडासारखे दिसतात. म्हणून आपल्याकडे याला द्राक्षगर्भ म्हणतात. इथले डॉक्टर मोलर प्रेग्नन्सी म्हणतात.

याचे दोन प्रकार आहेत. पूर्ण द्राक्षगर्भात स्त्रीबीजातील केंद्रकाचा वाटा नाहीसा झालेला असतो आणि सर्व गुणसूत्रे पुरुषबीजाकडून आलेली असतात. यात बाळ नसतेच. अपूर्ण द्राक्षगर्भात एका स्त्रीबीजात बहुधा दोन पुरुषबीजे शिरतात आणि ४६ ऐवजी ६९ गुणसूत्रे होतात. यात गर्भाचा काही भाग दिसू शकतो, पण तो जगू शकत नाही.

अमेरिकेत आणि युरोपात साधारणपणे हजार गर्भधारणांमागे एक असे याचे प्रमाण आहे. अगदी लहान वयात आणि चाळिशीनंतर दिवस गेल्यास शक्यता वाढते. अंगावरून रक्त जाणे, नेहमीपेक्षा फारच जास्त उलट्या, महिन्यांच्या मानाने पोट मोठे दिसणे, २० आठवड्यांच्या आतच रक्तदाब वाढणे ही जुनी लक्षणे. हल्ली सोनोग्राफी लवकर होते, त्यामुळे ही लक्षणे दिसण्याआधीच बहुतेकदा निदान होते. कित्येकदा साधा गर्भपात झाला असे वाटते आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आल्यावर खरे काय ते कळते. म्हणून गर्भपातानंतर पिशवी साफ केली असेल तर तो रिपोर्ट मागून घ्यावा आणि वाचावा.

यात दोष कोणाचाच नसतो. पपई खाल्ली, जड सामान उचलले, ग्रहणात बाहेर गेली, कोणाची दृष्ट लागली असली कारणे घरात काढली जातात. त्यांत काही तथ्य नाही. गुणसूत्रे वडिलांकडची आहेत म्हणून नवऱ्याचा दोष आहे असेही नाही. फलनाच्या क्षणी घडलेला तो अपघात असतो.

कोरिओकार्सिनोमा केव्हा होतो?

द्राक्षगर्भ सक्शनने काढून टाकतात. आपल्याकडे यालाच सरसकट क्युरेटिंग म्हणतात. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर त्या वेळी आरएच इंजेक्शनची गरज आहे का तेही पाहतात. बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत आजार इथेच संपतो. पण पूर्ण द्राक्षगर्भानंतर शंभरातील सुमारे १५ ते २० जणींमध्ये, आणि अपूर्ण द्राक्षगर्भानंतर १ ते ५ जणींमध्ये, उरलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात. या गटाला डॉक्टर जीटीएन म्हणतात. त्यातला सर्वांत आक्रमक प्रकार म्हणजे कोरिओकार्सिनोमा. तो फार विरळ आहे.

लक्षात ठेवण्याची गोष्ट ही की तो फक्त द्राक्षगर्भानंतरच होतो असे नाही. साधारण निम्म्या वेळा तो द्राक्षगर्भानंतर होतो. बाकी वेळा साध्या गर्भपातानंतर किंवा अगदी सुखरूप बाळंतपणानंतरही होतो. बाळंतपणाला आई किंवा सासूबाई भारतातून आलेल्या असतात. "बाळंतिणीला जायचेच थोडे अंगावरून," असे त्या म्हणतात, आणि बहुतेकदा ते खरेही असते. पण सहा ते आठ आठवड्यांनंतरही रक्त जात असेल, किंवा थांबून पुन्हा सुरू झाले असेल, तर बीटा एचसीजी ही रक्ताची साधी तपासणी करून घ्यावी.

या पेशी रक्तातून पसरतात, मुख्यतः फुप्फुसात. मग खोकला, दम लागणे, थुंकीतून रक्त पडणे अशा तक्रारी सुरू होतात. भारतातून आलेली स्त्री, खोकला आणि एक्सरेमध्ये डाग म्हटले की आपल्याला आणि डॉक्टरांनाही आधी टीबी आठवू शकतो. अशा वेळी "मागच्या वर्षी माझा गर्भपात झाला होता" किंवा "द्राक्षगर्भ झाला होता" हे एक वाक्य स्वतःहून सांगितले तर निदानाची दिशा बदलू शकते.

आकड्याने ओळखायचा कॅन्सर

बहुतेक कॅन्सरमध्ये गाठीचा तुकडा काढून तपासतात. इथे मात्र बायॉप्सी शक्यतो टाळतात, कारण या गाठींतून खूप रक्तस्राव होऊ शकतो. निदान होते ते एचसीजी या हार्मोनच्या आकड्यावरून. घरी गरोदरपणाची चाचणी करतो तेव्हा पट्टीवर रेघ उमटते ती याच हार्मोनमुळे. वारेच्या पेशी तो तयार करतात. त्या शरीरात कुठेही लपल्या असल्या तरी रक्तातला आकडा त्यांचा पत्ता देतो.

म्हणून द्राक्षगर्भ काढल्यावर दर आठवड्याला एचसीजी मोजतात. आकडा उतरत उतरत सामान्य झाला पाहिजे. उतरला नाही तर काय, याचे आंतरराष्ट्रीय नियम ठरलेले आहेत. समजण्यासाठी दोन काल्पनिक उदाहरणे :

- तीन आठवड्यांतील चार तपासण्या ४००, ३९०, ४१०, ३९५ अशा आल्या. आकडा एका जागी अडकला आहे. उपचार हवेत.
- दोन आठवड्यांतील तीन तपासण्या ४००, ५२०, ७०० अशा आल्या. आकडा चढतो आहे. उपचार हवेत.

आकडा सामान्य झाल्यावरही काही महिने तपासणी चालू ठेवतात. पूर्वी सर्वांना किमान सहा महिने सांगत. आता अपूर्ण द्राक्षगर्भात, आकडा सामान्य झाल्यावर एक महिन्याने पुन्हा एकदा तपासणे बऱ्याच ठिकाणी पुरेसे मानतात. पूर्ण द्राक्षगर्भात काही ठिकाणी तीन महिने, तर काही ठिकाणी सहा महिने सांगतात. आपल्या डॉक्टरांनी जो कालावधी सांगितला असेल तो पुरा करावा.

उपचारांचा शोध : तीन स्थलांतरित धागे

या आजाराच्या उपचारांचा इतिहास अमेरिकेत घडला आणि त्यात आपल्यासारख्याच बाहेरून आलेल्या लोकांचा मोठा वाटा आहे.

आंध्रातील भीमावरम इथे १८९५ साली जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव १९२०च्या दशकात बॉस्टनला आले. हार्वर्डमध्ये त्यांनी मोलाचे संशोधन केले, पण तिथे त्यांना कायमची जागा मिळाली नाही. १९४० साली ते न्यूयॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर इथल्या लेडर्ली प्रयोगशाळेत गेले. त्यांच्या चमूने तिथे फॉलिक ॲसिड कृत्रिमरीत्या तयार केले. मग त्याच रेणूत थोडा बदल करून त्याच्या उलट काम करणारी औषधे बनवली. पेशीला विभागण्यासाठी फॉलिक ॲसिड लागते. ही औषधे तिला ते वापरूच देत नाहीत, त्यामुळे झपाट्याने वाढणाऱ्या पेशी आधी मरतात. बॉस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी त्यांपैकी अमिनोप्टेरिन हे औषध रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांना दिले आणि १९४८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच वर्षी सुब्बाराव वयाच्या ५३व्या वर्षी वारले. मेथोट्रेक्सेट हे त्याच घराण्यातले पुढचे औषध.

दुसरा धागा डॉ. मिन चिऊ ली यांचा. ते चीनमधून १९४७ मध्ये अमेरिकेत आले. मेरीलँडमधील बेथेस्डा इथे एनआयएचच्या रुग्णालयात डॉ. रॉय हर्ट्झ यांच्याबरोबर काम करताना, १९५६ मध्ये त्यांनी पसरलेला कोरिओकार्सिनोमा झालेल्या एका अत्यवस्थ स्त्रीला मेथोट्रेक्सेट दिले. तोवर हा आजार पसरला की मृत्यू जवळजवळ ठरलेला असे. तिच्या फुप्फुसातल्या गाठी विरघळल्या.

पण ली तिथे थांबले नाहीत. एक्सरे स्वच्छ झाला होता, रुग्ण बरी दिसत होती, तरी एचसीजी थोडासा शिल्लक होता. तो पार नाहीसा होईपर्यंत ते औषध देत राहिले. बरी दिसणाऱ्या बाईला विषारी औषध देणे वरिष्ठांना पटले नाही, आणि १९५७ मध्ये ली यांना ती संस्था सोडावी लागली. काळाने मात्र निकाल त्यांच्या बाजूने दिला. गाठी दिसेनाशा होताच ज्यांचे औषध थांबवले होते त्यांचा आजार उलटला. ज्यांना आकडा शून्यावर येईपर्यंत औषध मिळाले त्या बऱ्या झाल्या. घट्ट गाठींचा, पसरलेला कॅन्सर केवळ औषधांनी बरा होण्याची ही पहिलीच वेळ. १९७२ मध्ये ली आणि हर्ट्झ या दोघांचाही लास्कर पुरस्काराच्या मानकऱ्यांत समावेश झाला.

आमच्या क्षेत्रातली मंडळी हे चटकन समजतील. स्क्रीनवर चूक दिसेनाशी झाली म्हणून बग गेला असे होत नाही, लॉग स्वच्छ यावा लागतो. इथे एचसीजी हा तो लॉग आहे. आजही आकडा सामान्य झाल्यावर औषधाचे आणखी दोन-तीन डोस देतात, ते याच अनुभवामुळे.

तिसरा धागा आपला, म्हणजे आज इथे राहणाऱ्या कुटुंबांचा. त्याकडे थोड्या वेळाने वळू.

आजचे उपचार

निदान झाल्यावर वय, आधीची गर्भधारणा कोणती होती, तिला किती महिने झाले, एचसीजी किती, गाठी कुठे आणि किती, अशा गोष्टींना गुण देऊन बेरीज करतात.

बेरीज ० ते ६ : कमी धोका. मेथोट्रेक्सेट किंवा ॲक्टिनोमायसिन-डी यांपैकी एकच औषध देतात. काहींना पहिले औषध पुरत नाही, मग दुसरे देतात. अखेरीस बरे होण्याचे प्रमाण जवळजवळ १०० टक्के आहे.

बेरीज ७ किंवा अधिक : जास्त धोका. पाच औषधांचे एकत्रित वेळापत्रक देतात. त्याला ईएमए-सीओ म्हणतात. ते लंडनच्या चेरिंग क्रॉस हॉस्पिटलमध्ये विकसित झाले. इथेही सुमारे ९० टक्के स्त्रिया बऱ्या होतात. औषधांना दाद न देणाऱ्या थोड्या जणींमध्ये अलीकडच्या काळात इम्युनोथेरपीचाही उपयोग झाला आहे.

याच गटात वारेच्या जागेवरचा एक आणखी विरळ ट्यूमर आहे. त्यात एचसीजी फारसा वाढत नाही आणि औषधांचा परिणाम कमी होतो. तिथे गर्भाशय काढणे हाच मुख्य उपचार ठरतो. म्हणून पॅथॉलॉजीच्या स्लाइड या आजाराच्या जाणकाराला दाखवणे महत्त्वाचे.

काही व्यावहारिक मुद्दे :

- "पिशवीच काढून टाका, कटकट नको" असा सल्ला घरातून येतो. मूल हवे असलेल्या तरुण स्त्रीला बहुतेक वेळा त्याची गरज नसते. शिवाय पिशवी काढली तरी एचसीजीच्या तपासण्या चुकत नाहीत.
- मेथोट्रेक्सेट चालू असताना फॉलिक ॲसिड असलेल्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. गरोदरपणातल्या व्हिटॅमिनच्या गोळ्यांत ते असतेच, आणि ते औषधाच्या विरुद्ध काम करते.
- तपासण्या चालू असेपर्यंत पुन्हा दिवस जाऊ देऊ नयेत. नव्या गर्भामुळेही एचसीजी वाढतो, मग आजार उलटला की बाळ आहे हे कळत नाही. गर्भनिरोधक गोळ्या चालतात. कॉपर-टी सारखे साधन आकडा सामान्य होईपर्यंत बसवत नाहीत.
- केमोथेरपी झाली असेल तर साधारण एक वर्ष थांबायला सांगतात.
- क्वचित रक्तातल्या इतर प्रतिपिंडांमुळे यंत्र खोटाच आकडा दाखवते. वॉशिंग्टन राज्यातील एका तरुणीला अशा आकड्यावरून केमोथेरपी देण्यात आली आणि तिचे गर्भाशयही काढले. तिला कॅन्सर नव्हताच. २००१ मध्ये ज्यूरीने तिला दीड कोटी डॉलरहून अधिक भरपाई दिली. आकडा कमी आहे, हलत नाही आणि कुठेही गाठ सापडत नाही, अशा वेळी लघवीतला एचसीजी तपासला का, दुसऱ्या पद्धतीने पडताळला का, हे जरूर विचारावे. खोटा आकडा लघवीत येत नाही.

पुढे मूल होईल का?

हा प्रश्न सर्वांच्या मनात असतो. एकदा द्राक्षगर्भ झाल्यावर पुढच्या वेळी पुन्हा होण्याची शक्यता शंभरात एक-दोन इतकीच आहे. केमोथेरपी घेतलेल्या बहुतेक स्त्रियांनाही पुढे निरोगी मुले होतात. पुढच्या गरोदरपणात सोनोग्राफी लवकर करतात आणि बाळंतपणानंतर एकदा एचसीजी तपासतात.

फार थोड्या घरांत मात्र द्राक्षगर्भ पुन्हा पुन्हा होतो, कधी सख्ख्या बहिणींनाही. याचे एक कारण एनएलआरपी७ या जनुकातला दोष आहे, हे २००६ मध्ये समजले. हा दोष आई आणि वडील अशा दोघांकडूनही आला तरच त्रास होतो. त्यामुळे नात्यातल्या लग्नांत शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आपल्याकडे आहेच, तेव्हा दोनदा द्राक्षगर्भ झाला असेल तर जेनेटिक तपासणीबद्दल विचारावे. अशा स्त्रियांना दुसऱ्या स्त्रीचे बीज घेऊन मूल होऊ शकते.

तपासण्यांची वही आपणच ठेवायची

आता तिसरा धागा. ब्रिटनमध्ये १९७३ पासून द्राक्षगर्भ झालेल्या स्त्रियांची देशपातळीवर नोंदणी होते. नमुना टपालाने केंद्रात जातो आणि तारीख चुकली तर केंद्रच आठवण करते. अमेरिकेत किंवा भारतात अशी देशव्यापी व्यवस्था नाही. न्यू जर्सीत क्युरेटिंग झाले, दोन महिन्यांनी नवऱ्याचा प्रोजेक्ट टेक्सासला गेला, तर टेक्सासच्या डॉक्टरला काहीच माहीत नसते. "आता बरे वाटते आहे" म्हणून तपासणी राहून जाते. म्हणून :

१. एक वही किंवा एक्सेल शीट करावी. तारीख, एचसीजीचा आकडा, लॅबचे नाव आणि पुढची तारीख लिहावी. जबाबदारी नवऱ्याने घेतली तर उत्तम.
२. शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासावे. वेगवेगळ्या किटचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत.
३. गाव बदलताना पॅथॉलॉजी रिपोर्ट, ऑपरेशनची नोंद आणि सर्व आकडे बरोबर घ्यावेत. आपले वैद्यकीय कागद मागण्याचा आपल्याला कायदेशीर हक्क आहे.
४. नोकरी गेली तर बहुतेक मोठ्या कंपन्यांचा इन्शुरन्स कोब्राखाली स्वतः पैसे भरून साधारण १८ महिने चालू ठेवता येतो. महाग असतो, पण पर्याय आहे. आधीच्या आजाराच्या कारणावरून नियमित आरोग्य विमा २०१४ पासून नाकारता येत नाही. प्रवासी विम्याला मात्र हे लागू नाही.
५. सुटीत भारतात जाणार असाल तर त्या आठवड्यांच्या तपासण्या तिथे कुठे करायच्या ते आधी ठरवावे.
६. उपचारांची वेळ आली तर गायनॅकॉलॉजिक ऑन्कॉलॉजिस्ट गाठावा. बॉस्टनमध्ये १९६५ पासून न्यू इंग्लंड ट्रोफोब्लास्टिक डिसीज सेंटर आहे, शिकागोला नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात ब्रूअर सेंटर आहे. आपल्या डॉक्टरांना तिथल्या तज्ज्ञांचे मत घेण्याची विनंती करता येते. मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटल आहे.

शेवटी एक गोष्ट औषधांपलीकडची. गोड बातमी फोनवर सांगून झालेली असते, आणि मग बाळही गेले, वर कॅन्सरची भीती, असे दोन्ही एकदम येते. भारतातून दर आठवड्याला "पुढचे कधी?" असे विचारले जाते. त्या घरात थांबणे हाच उपचाराचा भाग आहे, हे सासर-माहेरच्या मंडळींना नवऱ्याने स्पष्ट सांगावे. आणि आपल्या ओळखीत कोणावर ही वेळ आली तर डबा घेऊन जाताना एवढेच विचारावे, "पुढची तपासणी कधी आहे? गाडी घेऊन येऊ का?"